सिझर का झालं, हे तिला कुणी सांगायचं?

भाचीचा फोन आला तेव्हा तिचं बाळ सात महिन्यांचं झालं होतं. कपाट आवरताना दवाखान्याची फाइल तिच्या हाती लागली होती. "मावशी, सीपीडी म्हणजे काय गं?" डिस्चार्ज कार्डावर सिझरच्या कारणापुढे एवढंच लिहिलं होतं. मी बावीस वर्षं आरोग्य विभागात मासिक अहवाल भरण्याचं काम केलं, त्यामुळे हे शब्द माझ्या डोळ्यांखालून रोज जात. मी सांगितलं, बाळाचं डोकं आणि आईच्या कटीची वाट यांचं माप जुळत नाही असं डॉक्टरांना वाटलं की तसं लिहितात. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण आपल्याला तर नाळेचा वेढा आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

हो, तसंच सांगितलं होतं. मी तिथेच होते. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. पहाटे चारला कळा सुरू झाल्या, सहाला आम्ही दवाखान्यात पोचलो. दुपारी बाराला तपासून सिस्टर म्हणाल्या, अजून तीनच सेंटिमीटर उघडलंय. साडेबाराला डॉक्टर आल्या, सोनोग्राफीत वेढा दिसतोय, पुढे रिस्क नको, असं म्हणाल्या. जावयांच्या हातात छापील फॉर्म आला. तो सगळा इंग्रजीत होता. शस्त्रक्रियेचं कारण लिहायला एक रेघ सोडलेली होती, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि खाली सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली होती. जावयांनी फुलीवर सही केली. भाची आत टेबलावर होती, तिला कुणी काही विचारलं नाही. दीड वाजता मुलगी झाली, छान रडली, आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

ती शस्त्रक्रिया नको होती, असं मी म्हणत नाही. त्या तासाला डॉक्टरांना काय दिसलं असेल ते मला सांगता येणार नाही. पण तोंडी एक कारण, कागदावर दुसरं आणि संमतीच्या फॉर्मवर कोरी रेघ, हे मला खुपतं. त्यात या दोन्ही कारणांचं असं आहे की, चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतोच, आणि त्यातली बहुतेक बाळं कसलाही त्रास न होता नेहमीच्या वाटेनं जन्मतात. माप जुळत नाही हे तर चांगल्या कळा बराच वेळ येऊन गेल्याशिवाय ठरवणं अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा सुरू होतो, आणि त्याआधीच्या टप्प्याला किती तास लागावेत याचं काही ठरलेलं माप नाही. भाची तीनवर होती.

आता आकड्यांकडे येते. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण १७.२ होतं. पण ही सरासरी फसवी आहे. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के, असे दोन वेगळेच देश तिच्या पोटात आहेत. महाराष्ट्रात एकूण २५.४, सरकारीत १८.३ आणि खाजगीत ३९.१. शेजारच्या गोव्यात एकूण प्रमाणच ३९.५ टक्के. तेलंगणात खाजगीत ८१.५ टक्के, म्हणजे पाच बायकांमागे चौघींचं पोट कापून बाळ बाहेर काढलं गेलं, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांतही ४४.५ टक्के.

हे आकडे मांडले की समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे, खाजगीत येणाऱ्या बायका वयानं मोठ्या, शहरी, साखर आणि ब्लडप्रेशर असलेल्या, आधीचं सिझर झालेल्या असतात. यात तथ्य आहे. पण तालुक्यातून, पाड्यावरून, छोट्या नर्सिंग होममधूनसुद्धा अडलेली बाई शेवटी जाते कुठे? सिव्हिलला, नाहीतर मेडिकल कॉलेजात. फिट्स आलेली, रक्त चार ग्रॅमवर आलेली, बाळ आडवं असलेली, सगळ्या तिकडेच. जोखमीच्या बायका जिथे गोळा होतात तिथे सिझर कमी आणि बाकीच्या ठिकाणी दुपटीहून जास्त, याचा उलगडा नुसत्या जोखमीनं होत नाही.

आणि इतक्या सिझरांनी आया जास्त वाचतात म्हणावं, तर तेही दिसत नाही. २०१८ ते २० या वर्षांचं माता मृत्यूचं प्रमाण महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं आणि तेलंगणात ४३. माता मृत्यूला रक्तक्षय, अंतर, वय अशी दहा कारणं असतात, त्यामुळे एवढ्यावरून मी काही सिद्ध करायला निघालेली नाही. पण सरकारी-खाजगी मिळून ६० टक्के सिझर करणाऱ्या तेलंगणात २५ टक्केवाल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त आया दगावत असतील, तर वरची सिझरं कुणासाठी झाली हा प्रश्न विचारावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये हेच सांगितलं होतं: लोकसंख्येच्या पातळीवर प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की आई आणि बाळाचे मृत्यू त्यामुळे आणखी कमी होताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात असंही म्हटलं होतं की अमुक एक टक्का गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळेल हे बघा. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही, आणि मला ते पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कारण सरकारीतला कमी आकडा म्हणजे शहाणपण, असं मानायला मी तयार नाही. त्याच पाचव्या पाहणीत बिहारच्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण ३.६ टक्के होतं. तिथल्या बायकांची शरीरं काही वेगळ्या मातीची नाहीत. गरज पडली तेव्हा टेबल नव्हतं, भूल देणारं नव्हतं, रक्ताची पिशवी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, आणि गडचिरोलीचं जिल्ह्याचं ठिकाण तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. अशा भागासाठी शासनानं माहेरघर योजना काढली. दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. कल्पना फार चांगली आहे. पण माहेरघरात येऊन राहिलेल्या बाईला मध्यरात्री सिझर लागलं, तर पुढचा प्रवास तिला करावाच लागतो.

ग्रामीण रुग्णालयातली एक रात्र मला आठवते. साथीच्या अहवालाच्या कामासाठी मी मुक्कामाला होते. ऑपरेशन थिएटर नवंकोरं, टाइल्स चकचकीत, दाराला कुलूप. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस येत, तेही कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांच्या कँपला. रात्री अकराच्या सुमारास एक पहिलटकरीण आली, आशाताई सोबत होत्या. बाळाचे ठोके पडत चालले होते. एकट्या सिस्टर आणि एकटे बंधपत्रित डॉक्टर. अर्ध्या तासात १०८ मागवली, चिठ्ठी लिहिली, डाव्या कुशीवर झोपवून रवाना केलं. ती गाडी फाटकातून बाहेर पडताना आशाताई मागच्या दाराला धरून उभ्या होत्या, हातात बाईची चप्पल. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या तक्त्यात त्या बाईची नोंद 'संदर्भित – १' अशी झाली. सिझरच्या रकान्यात शून्य.

म्हणून मला वाटतं, सरकारी विरुद्ध खाजगी असं भांडण लावून यातून काही निघणार नाही. दोन्हीकडे बाईजवळ कुणी थांबायला नाही. सरकारीत एका सिस्टरच्या अंगावर आठ-आठ खाटा, आणि खाजगीत डॉक्टर एकट्या.

डॉक्टरांची बाजू मी जवळून पाहिली आहे. तालुक्याच्या गावातलं दहा खाटांचं मॅटर्निटी होम म्हणजे बहुतेकदा नवराबायको दोघं डॉक्टर. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, संध्याकाळी पुन्हा ओपीडी. भूलतज्ज्ञ चार दवाखाने फिरणारे, बालरोगतज्ज्ञ दुसऱ्याच गल्लीत. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालणार. रात्री दोनला ठोके बिघडले तर भूल द्यायला कुणी उठून येईल याची खात्री नाही, आणि बाळाचं काही बरंवाईट झालं तर सकाळी दारात पन्नास माणसं आणि काचांचा खच. आपल्या राज्याला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरून परिस्थिती समजावी. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली, तीही टांगती तलवार आहेच. सिझर केलं म्हणून सहसा कुणी कोर्टात खेचत नाही, केलं नाही म्हणून खेचतात. अशा डॉक्टरनं दुपारी साडेबाराला, भूलतज्ज्ञ हाताशी असताना, 'रिस्क नको' म्हटलं तर त्यामागे निव्वळ पैसा आहे असं मी म्हणणार नाही.

पण पैसा आहे. नॉर्मलला रात्रभर जागायचं आणि बिल कमी, सिझरला पाऊण तास आणि बिल जास्त, ही रचनाच उफराटी आहे. कष्ट जिथे अधिक तिथे मोबदला कमी ठेवल्यावर उत्तम माणूसही हळूहळू सोप्या बाजूला कलतो. दोन्ही प्रकारच्या बाळंतपणांना फी एकच ठेवली तर काय होईल, हा प्रयोग निदान सरकारी योजनांच्या आणि विम्याच्या दरपत्रकात करून पाहायला काय हरकत आहे?

आणि आपणही यात आहोत. पंचांगातला मुहूर्त काढून डॉक्टरांपुढे ठेवणारे आजोबा मी पाहिलेत. "माझ्या लेकीला कळा सोसवणार नाहीत, कापून मोकळं करा" म्हणणाऱ्या आयाही. त्या आयांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या आठवणी काय आहेत ते विचारा. सरकारी प्रसूती कक्षात कळांनी ओरडणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट, "तेव्हा बरं वाटलं होतं ना, मग आता कशाला ओरडतेस" हे वाक्य, पडदा नाही, शेजारी आपलं माणूस नाही. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एकदा नव्हे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारीत बाळंतपण मोफत आहे, सिझरसुद्धा, औषधं, रक्त, नेणं-आणणं, आणि सिझर झालं तर सात दिवसांचं जेवणही. तरीही कर्ज काढून माणसं खाजगीत का जातात, याचं निम्मं उत्तर त्या चापटीत आहे. कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन थोड्या मोठ्या शहरांपलीकडे मिळत नाही. वेदना कमी करायचा दुसरा मार्गच ठेवला नाही, तर बाई सिझर मागणारच.

सोबतीचं माणूस ही गोष्ट किरकोळ वाटते, पण जगभरातल्या चाचण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे की कळांच्या वेळी कुणीतरी सलग जवळ राहिलं तर सिझरं कमी होतात. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी आपल्या माणसाला सोबत ठेवायला मान्यता दिली. २०१८ मध्ये प्रसाविकांच्या सेवेचं धोरण आलं. आधीच परिचारिका असलेल्यांना दीड वर्षाचं खास शिक्षण द्यायचं, म्हणजे निरोगी बाईचं बाळंतपण त्या स्वतः सांभाळतील आणि डॉक्टरला अडचणीच्या वेळी बोलावतील. तेलंगणानं, एवढ्या सिझरांच्या राज्यानं, सरकारी दवाखान्यांत अशा प्रसाविका नेमायला सुरुवात केली. आपल्याकडे कळा येणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवणारी, तिला उठवून चार पावलं चालवणारी, पाणी पाजणारी आणि दर अर्ध्या तासानं ठोके ऐकणारी बाई हवी, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. सुईण हेच करायची. तिच्याजवळ जंतुनाशक नव्हतं, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन नव्हतं, म्हणून तिला बाजूला केलं ते योग्यच झालं. पण तिच्याबरोबर ती बसून राहण्याची रीतही गेली, आणि तिच्या जागी आपण एक यंत्र लावून ठेवलं. निरोगी बाईच्या पोटाला ठोक्यांचं यंत्र सतत लावून ठेवल्यानं सिझरं वाढतात आणि बाळांचे मृत्यू काही कमी होत नाहीत, असा अभ्यासांचा निष्कर्ष आहे.

आता माझी मुख्य मागणी. प्रत्येक प्रसूतिगृहानं आपलं सिझरचं वर्षाचं प्रमाण फळ्यावर लावावं. ही मागणी नवी नाही. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये त्यासाठी सह्यांची मोहीम चालवली, तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधींनी तिला पाठिंबा दिला, आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना त्याच वर्षी असा फलक लावायला सांगण्यात आलं. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. त्याच फलकावर एक ओळ वाढवायची आहे.

डॉक्टरांचा आक्षेप असा की नुसत्या टक्केवारीनं अन्याय होईल. जिथे अवघड केसेस येतात त्या दवाखान्याचा आकडा मोठा दिसेल, मग तिथले डॉक्टर अवघड केसेस घेणं टाळतील. बरोबर आहे. म्हणूनच नुसती टक्केवारी नको. मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये बाळंतिणींचे दहा गट पाडण्याची पद्धत मांडली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीच वापरायला सांगितली. पहिलटकरीण आहे की नाही, आधीचं सिझर आहे का, बाळ एकच आहे का, डोकं खाली आहे का, सदतीस आठवडे भरले का, कळा आपणहून आल्या का, एवढ्या साध्या प्रश्नांवर गट ठरतो. ही सगळी माहिती आजही प्रसूती नोंदवहीत असते, वेगळा कारकून नेमायला नको. हे मी हे काम केलेल्या माणसाच्या अनुभवानं सांगते.

फळ्यावर पहिल्याच गटाचा आकडा लावा: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपणहून आलेल्या. म्हणजे माझी भाची. या गटात जुळ्यावाल्या, आडव्या बाळाच्या, आधीचं सिझर झालेल्या कुणी नसतात, त्यामुळे अवघड केसेसचं कारण इथे फारसं चालत नाही. दोन दवाखान्यांत या गटाचे आकडे दहा आणि पन्नास असे असतील, तर फरक बायकांत नाही, दवाखान्यांच्या रीतीत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचा गटही हाच, कारण पहिलं सिझर झालं की पुढचं जवळपास ठरूनच जातं. पहिल्या सिझरनंतर योग्य निवड केलेल्या बायकांपैकी साठ ते ऐंशी टक्के जणींचं पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं. पण जुना टाका सुटण्याचा थोडा का होईना धोका असतो, तातडीनं सिझर करायची सोय हाताशी लागते, आणि छोटा दवाखाना ती जबाबदारी घेत नाही. मग दुसरं सिझर, तिसरं सिझर. दर वेळी आत आतडी-मूत्राशय चिकटत जातात, वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणावर रुजून खोल घुसण्याची शक्यता वाढत जाते, आणि तसं झालं तर रक्तस्राव आवरायला गर्भाशयच काढावं लागू शकतं. पहिल्या वेळच्या त्या साडेबाराच्या निर्णयाची किंमत ही अशी पुढच्या बाळंतपणात चुकवावी लागते. त्या वेळी ते कुणी बोलत नाही.

सोबत संमतीचा फॉर्म मराठीत हवा, कारणाची रेघ भरलेली हवी, आणि बाई शुद्धीवर असेल तर सही तिचीच घ्यावी.

भाचीला आता पुन्हा दिवस गेले आहेत. चौथा महिना चालू आहे, दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर पडेल. गेल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर नव्या डॉक्टरांकडे गेले. तिनं जुनी फाइल टेबलावर ठेवली आणि आधीच वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचून विचारला: "मॅडम, तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये सिझर किती होतात, आणि सिझरनंतर नॉर्मल किती?" आवाज थोडा कापत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला. रागावतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "असं वेगळं कधी मोजलं नाही गं." मग बेल वाजवून त्यांनी सिस्टरना आत बोलावलं आणि गेल्या वर्षीची प्रसूतीची नोंदवही काढून टेबलावर ठेवायला सांगितली.